ढग-ऊन, ढग-ऊन: बदलत्या उजेडात पान खरोखर किती काम करतं? (ढोबळी, द्राक्ष, लाखी बाग)

मावळ_हरितगृह

पावसाळ्यात पॉलिहाऊसमधल्या रंगीत ढोबळीबद्दल एकच प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांत विखुरला आहे, म्हणून इथे एकत्र मांडतो.

परिस्थिती अशी: 200 मायक्रॉनचा डिफ्यूज्ड पेपर (ऊन विखुरणारं प्लास्टिकचं आच्छादन), आत 50 टक्क्यांची सरकती हिरवी शेडनेट, माती-बेडवर ठिबक. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरचा उजेड दहा मिनिटांत 15 हजार लक्सवरून 90 हजारांवर जातो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. तक्रारी तीन: फुलगळ, फळाच्या बुडाला तपकिरी डाग, आणि उघडीप पडली की दुपारी शेंडे माना टाकतात, मुळाशी ओल असूनसुद्धा.

प्रश्न:
1. प्रत्येक ढगामागे नेट उघड-बंद करावी का?
2. लक्स मीटरवर किती विश्वास ठेवावा?
3. चार-पाच दिवसांच्या झाकोळानंतरचा पहिला कडक दिवस कसा सांभाळावा?

इतर पिकांचंही लिहा, पण आकड्यांसकट.

---

पर्णरंध्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. कारण जरा सविस्तर सांगतो, कारण ते समजलं की बाकीचे निर्णय आपोआप सुटतात.

आपण धरून चालतो की उजेड वाढला की प्रकाशसंश्लेषण लगेच वाढतं. पण अर्धा तास सावलीत राहिलेल्या पानावर एकदम ऊन पडलं तर ते पूर्ण क्षमतेला यायला साधारण 10 ते 30 मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. या काळात तीन अडथळे एकामागून एक सुटतात.

पहिला, कार्बन पकडणाऱ्या साखळीतली मधली संयुगं तयार होणं. हे एक-दोन मिनिटांत आटोपतं.

दुसरा, रुबिस्को. हे कार्बन डायऑक्साइड पकडणारं एन्झाइम सावलीत बऱ्याच अंशी निष्क्रिय होतं. त्याला पुन्हा कामाला लावणारं रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज नावाचं वेगळं प्रथिन असतं, आणि त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. हे प्रथिन उष्णतेला नाजूक आहे. पानाचं तापमान 35 च्या वर गेलं की ऊन भरपूर असूनही रुबिस्को पूर्ण जागं होत नाही.

तिसरा आणि सगळ्यांत संथ अडथळा पर्णरंध्रांचा, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांचा. ती उघडायला 10 ते 30 मिनिटं. हवा कोरडी असेल तर ती अर्धवटच उघडतात, आणि मग पुढचा ढग येईपर्यंत पान निम्म्या क्षमतेवरच राहतं.

आता उलट दिशा. ढग आला की प्रकाशसंश्लेषण काही सेकंदांत खाली येतं, पण रंध्रं मिटायला पुन्हा पंधरा-वीस मिनिटं घेतात. तेवढा वेळ पाणी जातं, साखर बनत नाही.

यात आणखी एक घटक आहे. तीव्र उन्हात पान जास्तीची ऊर्जा उष्णता म्हणून टाकून देतं. पिवळसर झँथोफिल रंगद्रव्यं आणि एक विशिष्ट प्रथिन हे काम करतात. हे संरक्षण चढतं चटकन, उतरतं मात्र सावकाश. म्हणजे ढग आल्यावर जेव्हा उजेडाचा कण न् कण हवा असतो, तेव्हाही पान काही मिनिटं तो वाया घालवत राहतं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या गटाने तंबाखूत या यंत्रणेची तीन जनुकं वाढवून ती लवकर उतरवली. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात शेतातल्या झाडांचं वजन सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं. नुसत्या या उशिरापोटी किती जातं याचा अंदाज त्यावरून येईल.

आणि उशीर बाजूला ठेवला तरी निव्वळ गणितातही तोटा आहे. समजण्यापुरते आकडे धरू: 100 मायक्रोमोल (पानाला मिळणारा उजेड मोजायचं माप) उजेडात पान 4 एकक काम करतं, 800 ला 18, 1500 ला 21. दिवसभर स्थिर 800 मिळाले तर 18. निम्मा वेळ 100 आणि निम्मा वेळ 1500, म्हणजे सरासरी तीच 800, तर काम 12.5. तीस टक्के कमी. कारण वरच्या टोकाला पान तृप्त झालेलं असतं, तिथला जादा उजेड वाया जातो.

म्हणून उजेड सारखा वर-खाली करणारी प्रत्येक कृती तोट्याची. ढगामागे नेट हलवणं म्हणजे ढगांच्या चढउतारात आपली भर घालणं.

---

सेन्सरवाला

दुसऱ्या प्रश्नावर. लक्स मीटर माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते मोजतो, आणि डोळा हिरव्या रंगाला सर्वांत संवेदनशील. पानाला उपयोगी पडणारे 400 ते 700 नॅनोमीटरमधले फोटॉन मोजायचे तर पार सेन्सर हवा. तो मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद सांगतो.

उघड्या उन्हात लक्सला 54 ने भागलं की मायक्रोमोल येतात. 1,08,000 लक्स म्हणजे सुमारे 2000. ढगाळ आकाशाखाली आणि रंगहीन पेपरखाली हा भागाकार चालतो. हिरव्या नेटखाली चालत नाही. ती नेट हिरवा उजेड जास्त आत सोडते, मीटर तोच जास्त मोजतो, आणि आकडा पिकाला खरोखर मिळतो त्यापेक्षा फुगलेला दिसतो. लाल-निळ्या एलईडीखाली उलट होतं, लक्स हास्यास्पद कमी दिसतो. तिथे मीटर बाजूलाच ठेवा.

मोबाइलच्या अ‍ॅपवर तर बिलकूल विसंबू नका. फोनचा सेन्सर काचेच्या मागे असतो आणि फोन थोडा तिरका झाला तरी आकडा निम्मा होतो.

मोजायची पद्धत:

सेन्सर पिकाच्या शेंड्याच्या उंचीवर, पातळीत आणि आपल्या सावलीपासून दूर. एका बेडवर किमान पाच जागा घ्याव्यात, कारण गटर (छतावरच्या पन्हळी) आणि पाइपांच्या सावल्या पट्ट्यापट्ट्याने पडतात. आणि एकच आकडा टिपू नका. ढग-उन्हाच्या दिवशी दर तासाला दहा मिनिटं, दर मिनिटाला एक असे आकडे घेऊन सरासरी काढा. लॉगर (आपोआप नोंद ठेवणारं यंत्र) असेल तर उत्तमच.

मग दिवसाची बेरीज, म्हणजे डीएलआय, दर चौरस मीटरला दिवसभरात किती मोल उजेड मिळाला ते. पॉलिहाऊसमधल्या एका झाकोळलेल्या दिवसाचं उदाहरण, सकाळी 7 ते संध्याकाळी 6, तासागणिक सरासरी मायक्रोमोल:

80, 150, 250, 350, 420, 450, 400, 300, 220, 140, 60

बेरीज 2820. गुणिले 3600 सेकंद, भागिले दहा लाख. उत्तर 10.15 मोल.

ढोबळीला चांगल्या फळधारणेसाठी 20 च्या पुढे हवेत. 12 च्या खाली सलग काही दिवस गेले की झाड पहिल्यांदा फुलं आणि वाटाण्याएवढी फळं सोडतं. आता याच दिवशी दुपारी दोन तास ऊन चमकलं म्हणून 50 टक्क्यांची नेट ओढली आणि परत उघडायची राहून गेली, तर आधीच तुटपुंज्या 10 मोलमधले दोन-तीन सहज जातात. मूळ पोस्टमधली फुलगळ इथे शोधा. बोरॉनची फवारणी याला उत्तर नाही.

---

शेंडा_खुडा

पेपरवरची धूळ आणि चुना कुणी मोजत नाही. उन्हाळ्यात मारलेला चुना पहिल्या वळवाने पूर्ण धुतला जात नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मऊ ब्रश आणि पाण्याने पेपर धुऊन काढा, नाहीतर पावसाळाभर ती दुसरी नेटच डोक्यावर राहते. साधी तपासणी: बाहेर आणि आत एकाच मिनिटात, नेट पूर्ण उघडी ठेवून मोजा. पेपर नवा असताना घेतलेल्या गुणोत्तराशी ताडून बघा. बाहेरच्याच्या निम्म्याच्या आसपास आत येत असेल तर धुण्याची किंवा बदलण्याची वेळ झाली.

---

मावळ_हरितगृह

@सेन्सरवाला, हिरवी की पांढरी नेट? आणि डिफ्यूज्ड पेपरचा चढउतारात काही फायदा होतो का?

---

सेन्सरवाला

पांढरी. हिरवी नेट स्वस्त मिळते म्हणून सगळीकडे आहे, पण फळभाजीला तिची निवड मला चुकीची वाटते. लाल-निळा उजेड अडवून हिरवा आत सोडायचा, यात पिकाचा काहीच लाभ नाही. उष्णता परतवायची असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची नेट आणखी चांगली, पण महाग.

डिफ्यूज्ड पेपरचा फायदा नक्की आहे. सरळ ऊन विखुरल्याने गटर-पाइपांच्या सावल्यांच्या कडा पुसट होतात, वरच्या पानांवरचा कमाल आकडा उतरतो आणि मधल्या-खालच्या पानांना सातत्याने उजेड मिळतो. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगेनला टोमॅटोवर विखुरणाऱ्या काचेचे प्रयोग झाले, त्यात उत्पादन पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास वाढलेलं दिसलं, एकूण उजेड तेवढाच असताना. मात्र पूर्ण ढगाळ दिवशी आकाशानेच उजेड विखुरलेला असतो, त्या दिवशी पेपरचा हा गुण कामाला येत नाही.

नवीन उभारणी करणाऱ्यांसाठी: गटर दक्षिणोत्तर ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलं तर हिवाळ्यात गटरची सावली एकाच पट्ट्यावर तासन्‌तास बसते. दक्षिणोत्तर असेल तर ती दिवसभरात सरकत जाते. बेडही दक्षिणोत्तर.

---

निफाडची_वेल

द्राक्षाचं लिहितो. इथे चढउतार आकाशातून कमी आणि मांडवावरच्या पानांमुळे जास्त होतो.

द्राक्षाचं एकटं पान 700-800 मायक्रोमोलला, म्हणजे भर उन्हाच्या एक-तृतीयांशाच्या जरा पुढे, तृप्त होतं. आणि एक पान उपयोगी उजेडातला 90 टक्क्यांहून जास्त भाग स्वतःच शोषतं. भर दुपारी 2000 मायक्रोमोल असले तरी दुसऱ्या थरातल्या पानाला शे-सव्वाशे उरतात, तिसऱ्याला दहाच्या आत. तेवढ्यात पानाचा स्वतःच्या श्वसनाचा खर्चही निघत नाही. तिसरा थर बागेवर बसून खातो.

वाऱ्याने वरची पानं हलली की फटींतून उन्हाचे कवडसे खाली येतात. दुसऱ्या थराची रोजची कमाई बरीचशी या कवडशांची. आणि इथे पर्णरंध्र यांनी सांगितलेली गोष्ट लागू पडते: कवडसे थोड्या थोड्या वेळाने येत राहिले तर पान जागं राहतं आणि पुढच्या कवडशाचा पुरेपूर उपयोग करतं. अर्धा-पाऊण तास काहीच आलं नाही तर रुबिस्को पुन्हा थंडावतं, मग दहा सेकंदांचा कवडसा आला काय आणि गेला काय.

आपल्याकडे याचा सगळ्यांत मोठा फटका खरड छाटणीनंतर बसतो. एप्रिलच्या छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत काडीच्या डोळ्यांत (अंकुरांत) सूक्ष्म घड ठरतात. हा काळ नेमका मे अखेर ते जून, म्हणजे मॉन्सूनपूर्व ढगांचा. त्या वेळी डोळ्यावर आणि डोळ्याजवळच्या पानावर ऊन नसेल तर घडाऐवजी बाळी (नुसता तणावा) तयार होते, आणि ते कळतं थेट ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. तेव्हा काही करता येत नाही.

ढग आपल्या हातात नाहीत, गर्दी आहे. म्हणून:

काडी विरळणी वेळेवर करा, दर दीड चौरस फुटाला एक काडी. 9 बाय 5 फुटांच्या लागवडीत झाडाला 45 चौरस फूट मिळतात, म्हणजे 30 काड्या. 40-45 ठेवणाऱ्यांना काड्या मिळतात, घड मिळत नाहीत.

सबकेनसाठी (मुख्य काडीवरच्या दुय्यम काडीसाठी) 7 पानांवर शेंडा मारा, पुढे 5 पानं घेऊन पुन्हा थांबवा. बगलफुटी वेळच्या वेळी काढा.

ढगाळ आठवड्यात नत्र आणि पाणी दोन्ही आखडते घ्या. कमी उजेडात वेल पेरं लांबवते, पानं मोठी-पातळ करते, त्यातून आणखी सावली होते.

दुपारी बारा-साडेबाराला मांडवाखाली उभं राहून जमीन बघा. उन्हाचे ठिपके सगळीकडे विखुरलेले दिसले पाहिजेत आणि वाऱ्यासरशी हलले पाहिजेत. जमीन सलग काळोखी दिसली तर विरळणी अपुरी आहे.

छाटणीआधी डोळे तपासणी करून घ्या. कोणत्या डोळ्यावर घड आहे ते पाहूनच काप ठरवा, सरसकट एका मापाने कापू नका.

---

लाखी_बाग

कोकणातल्या लाखी बागांत, म्हणजे मसाल्याची आंतरपिकं घेतलेल्या नारळ-सुपारीच्या बागांत, हाच कवडशांचा हिशेब आंतरपिकांना लागू होतो. साधारण 8 ते 25 वर्षं वयाच्या नारळाखाली झावळ्यांचा छत्रीसारखा दाट थर असतो, तिथे उजेड अपुरा. त्याआधी आणि त्यानंतर झाडांमधून बऱ्यापैकी ऊन खाली येतं. जायफळ, काळी मिरी, दालचिनी या हिशेबाने बसवा.

जायफळ आणि मिरी सावली सोसतात म्हणजे त्यांना उजेड नको असं नव्हे. सावलीतली पानं पातळ, हरितद्रव्य जास्त, थोड्या उजेडात तृप्त होणारी. त्यांच्यावर बराच वेळ थेट दुपारचं ऊन पडलं की पिवळे-तपकिरी चट्टे येतात. वादळात एखादा माड पडला की त्याखालच्या जायफळाची हीच गत होते, पाण्याची कमतरता समजून लोक पाणी वाढवत बसतात. तिथे पहिला हंगाम झावळ्यांचा आडोसा दक्षिण-पश्चिम बाजूने करावा. जुनं पान नव्या उजेडाला थोडंच जुळवून घेतं. खरं जुळवून घेतं ते त्या उजेडात जन्मलेलं नवं पान. नवी पालवी पक्व झाली की आडोसा टप्प्याटप्प्याने काढा.

हापूसवाल्यांसाठी एक ओळ: जुन्या दाट कलमाची मधली उभी फांदी काढून मध्य मोकळा केला तर आतल्या बाजूच्या फांद्यांवर सकाळ-दुपार ऊन फिरतं. पण एकदम उघड्या पडलेल्या जाड फांद्यांच्या सालीला चटका बसतो, तिथे चुना किंवा बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावावी.

---

ऑटो_कंट्रोल

पर्णरंध्र यांच्या "नेट हलवू नका"शी पूर्ण सहमत नाही. एप्रिल-मेत मोटरवरची नेट नसेल तर ढोबळीच्या फळांवर उन्हाचे पांढरे चट्टे पडतात, आणि ते फळ बाजारात कुणी घेत नाही. प्रश्न हलवण्याचा नसून ती कशावरून हलवायची याचा आहे. बहुतेक कंट्रोलरवर एकच लक्सची मर्यादा ठेवलेली असते, समजा 60 हजार. मग 61 ला बंद, 59 ला उघडी, मोटरही जळते आणि पीकही.

दोन मर्यादा आणि दोन विलंब ठेवा. माझी शिफारस, मावळ-पुणे पट्ट्यातल्या ढोबळीसाठी:

बंद: बाहेरचा उजेड 75 हजार लक्सच्या वर सलग 20 मिनिटं, आणि आतलं तापमान 32 च्या वर. दोन्ही अटी एकत्र.

उघड: 45 हजारांच्या खाली सलग 10 मिनिटं. इथे तापमानाची अट नको.

सेन्सर नेहमी बाहेर, पेपरच्या वर. आत नेटखाली लावला तर नेट बंद होताच उजेड कमी दिसतो, कंट्रोलर नेट उघडतो, आणि हे चक्र दिवसभर चालतं. ही चूक फार ठिकाणी दिसते.

नेट एका दमात ओढू नका. 30 टक्के, पाच मिनिटं थांबा, मग 60, मग 100. कंट्रोलरमध्ये ही सोय नसेल तर टायमर रिलेने करता येते.

---

पर्णरंध्र

ऑटो_कंट्रोल यांची दुरुस्ती मान्य. तापमानाची अट जोडल्याने नेटचं काम उष्णता रोखण्यापुरतं राहतं, तेच बरोबर आहे. हाताने दोरी ओढणाऱ्यांनी एवढं पाळावं: स्वच्छ उन्हाच्या दिवशी एकदा बंद, एकदा उघड, साधारण साडेअकरा ते तीन. ढग-उन्हाच्या दिवशी पूर्ण उघडी, आणि तापमान टॉप व्हेंट (छतावरची झडप) व बाजूच्या पडद्यांनी सांभाळा.

आता तिसरा प्रश्न, झाकोळानंतरचा पहिला कडक दिवस.

चार-पाच दिवस अंधाऱ्या हवेत आलेलं पान पातळ असतं, त्यात रुबिस्को कमी आणि संरक्षक झँथोफिलही कमी. मुळांची वाढही मंदावलेली, कारण त्यांना साखर शेवटी मिळते. अशात दहा वाजता ऊन कडाडलं की पानाचं तापमान हवेपेक्षा चार-पाच अंशांनी वर जातं, पाण्याची मागणी अचानक अनेक पट होते, मुळं तेवढं देऊ शकत नाहीत. म्हणून ओल असूनही शेंडे माना टाकतात. त्या वेळी भरमसाट पाणी दिलं तर मुळांची हवा जाते आणि दुसऱ्या दिवशी कोमेज वाढते.

क्रम असा ठेवा:

सकाळी 8 च्या आत पहिलं पाणी, दिवसाच्या एकूण पाण्याचा चौथा हिस्सा. ऊन चढण्याआधी मुळाशी आणि खोडात पाणी भरलेलं असावं. बाकीचं तीन-चार हप्त्यांत, चारच्या आत.

10 वाजता नेट अर्धी ओढा, 11 ते 3 पूर्ण ओढलेली ठेवा. फक्त पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीचं.

फॉगर (बारीक धुकं सोडणारे फवारे) घड्याळावर न चालवता हवेच्या कोरडेपणावर चालवा. 28 अंश आणि 70 टक्के आर्द्रतेला बाष्पदाब तूट (हवेच्या कोरडेपणाचं माप) 1.1 किलोपास्कल, पान आरामात काम करतं. 30 अंश, 60 टक्के: 1.7, इथून फॉगर. 34 अंश, 45 टक्के: 2.9, इथे रंध्रं मिटतात आणि ऊन असूनही पान बंद. फॉगर 20-30 सेकंद चालू, मग पाच-सात मिनिटं बंद, व्हेंट उघडी ठेवूनच. पानं ओली राहिली तर करप्याला आमंत्रण, म्हणून दुपारी 3 नंतर फॉगर नको.

पानाला इजा झाली का हे बघायला क्लोरोफिल फ्लुरोमीटर (पान उजेड किती नीट वापरतं ते मोजणारं यंत्र) मिळत असेल तर पान अर्धा तास अंधारात झाकून मोजा. निरोगी पानाचा आकडा 0.83 च्या जवळ. सूर्योदयाआधीही 0.75 च्या खाली असेल तर इजा रात्रीत भरून आलेली नाही, नेट आणखी एक दिवस ठेवा.

---

शेंडा_खुडा

बुडाच्या तपकिरी डागाचं राहिलं. तो कॅल्शियमचा, पण जमिनीत कॅल्शियम कमी म्हणून होतो असं क्वचितच. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबरच जातं. झाकोळात पानांतून पाणी उडत नाही, प्रवाह थांबतो. नंतर कडक उन्हात सगळं पाणी पानं ओढून घेतात, फळाच्या वाट्याला काही येत नाही. दोन्ही टोकांना फळच उपाशी. डाग दिसतो आठवडा-दहा दिवसांनी, तोवर त्या ढगाळ दिवसांची आठवणही कुणाला नसते.

पानांवर कॅल्शियम फवारून ते फळात उतरत नाही. फवारायचं तर कोवळ्या फळांवर, लिंबाएवढी होण्याआधी, कॅल्शियम नायट्रेट लिटरला 2-3 ग्रॅम, संध्याकाळी. ठिबकमधून देताना सल्फेट-फॉस्फेटच्या खतांबरोबर एका टाकीत मिसळू नका, साका बसून ड्रीपर बंद होतात. आणि अमोनियमचं खत ढगाळ आठवड्यात पूर्ण थांबवा, मुळाशी ते कॅल्शियमच्या आड येतं. युरियाही तिथे अमोनियमच होतो, म्हणून तोही नको.

---

मावळ_हरितगृह

@ऑटो_कंट्रोल, सेन्सर पेपरच्या वर लावला की त्याच्यावरही धूळ आणि शेवाळ बसतं. किती दिवसांनी पुसावा?

---

ऑटो_कंट्रोल

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा. मऊ ओलं फडकं, साबण नको, ओरखडा पडला तर सेन्सरचा पांढरा गोळा (उजेड घेणारा भाग) कायमचा बाद. पुसण्याआधी आणि नंतर लगेच आकडा बघा. दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुसण्याचं अंतर कमी करा.